सत्तर किलोंसाठी दीड टन

आमच्या वाडीतून बाजाराला जायचं म्हणजे आधी चढ. घरं खाडीकाठी, माडा-पोफळींत. रस्ता मात्र वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर. मधली चढण दीडशे मीटर उंचीची. पूर्वी पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या वाटेने, धापा टाकत जायचो, आता डांबरी वळणं आहेत. शेजारच्या वहिनींनी विजेवरची स्कूटर घेतली तेव्हा सगळ्या वाडीने एकच शंका काढली, की ही घाटी चढेल का? चढली. रात्री पडवीतल्या प्लगला लावतात आणि सकाळी पोराला शाळेत सोडून बाजार करून येतात.

त्या चढाचा हिशोब शाळेतल्या सूत्राने मांडता येतो: वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. वहिनी आणि पिशवी मिळून सत्तर किलो धरा. तेवढंच वजन दीडशे मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा २९ वॉट-तास भरते, म्हणजे नऊ वॉटचा दिवा सव्वातीन तास. स्कूटरचे १२० किलो मिळवले की ७८ वॉट-तास. त्याच वहिनी दीड टनाच्या मोटारीतून गेल्या तर ६४० वॉट-तास, म्हणजे तोच दिवा जवळपास तीन दिवस अहोरात्र! स्कूटर वर नेते त्या वजनात माणूस-पिशवीचा वाटा ३७ टक्के. मोटारीत तो पाच टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळा खटाटोप लोखंड, काच आणि गाद्या सड्यावर पोचवण्याचा.

पेट्रोलच्या गाडीत यावर आणखी एक तोटा. इंधनातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचला तरी खूप झालं, त्यामुळे त्या चढासाठी जवळजवळ पाव लिटर पेट्रोल जळतं. उतारावर तर कमावलेली बहुतेक उंची ब्रेकमध्ये तापून जाते. घाट उतरून खाली आलं की जो करपट वास येतो तो त्याचाच. विजेच्या मोटारीत उतारावर मोटरच जनित्र होते आणि बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत येते.

इथे धोरणाचा एक बारकावा आहे आणि तो मला कुठे चर्चेत दिसत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. देशावर, घाटापलीकडच्या सपाटीवर, हे ठीक. पण कोकणात किलोमीटर हे अर्धंच माप आहे, उरलेलं अर्धं उंचीत मोजावं लागतं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथून सावंतवाडीकडे सहाशे मीटर उतरताना दीड टनाची गाडी आणि आतली दोन माणसं यांच्यामागे गुरुत्वाकर्षण अडीच युनिटांहून जास्त ऊर्जा मोकळी करतं. काही हवेत आणि टायरांत जाते, उरलेली बॅटरीत शिरू पाहते. पण वर माथ्यावरच बॅटरी शंभर टक्के भरून घेतली असेल तर ती ठेवायची कुठे? म्हणून चार्जर घाटाच्या पायथ्याला हवा. आंबा घाटासाठी साखरप्याला, कुंभार्लीसाठी चिपळूणच्या बाजूला. चढणारा तिथे भरून घेईल, उतरणारा उतारावर मिळालेली वीज घेऊनच खाली येईल. हे ठरवायला नकाशावर उंचीच्या रेषा पाहिल्या तरी पुरतं.

आता रस्त्याकडे वळू, कारण तोही वजनाचाच मामला आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून एक प्रचंड प्रयोग केला गेला. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा: रस्त्याची झीज आसावरच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या, भाराच्या चौथ्या घातात वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट. मोटारीच्या एका आसावर पाऊण टन आणि भरल्या डंपरच्या आसावर दहा टन धरले, तर डंपरच्या आसाची एक फेरी मोटारीच्या आसाच्या तीस हजारांहून अधिक फेऱ्यांइतकी भारी पडते. स्कूटर या हिशोबात दिसतही नाही. विजेच्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात, त्या रस्ते खराब करतील, असं कुणी म्हणालं तर गणित अर्धवट खरं आहे. वीस टक्के वजन वाढलं की झीज दुप्पट होते, पण जवळजवळ शून्याची दुप्पट.

आमच्या सड्यावरचा रस्ता चिऱ्याच्या खाणीतल्या गाड्यांनी आणि पावसाने मिळून संपवला. पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरतं, पकड सोडवतं. मग वरून दहा टन गेले की खडी उधळते. दोघांपैकी पाऊस काही कर भरत नाही. आणि खासगी मोटारीचा राज्यातला एकरकमी कर ठरतो किमतीवर आणि इंधनावर, वजनावर नाही, किती फिरली यावरही नाही. वीजगाड्या वाढतील तसा पेट्रोलवरचा करही आटेल. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या आणि जड वाहनांना फिरलेल्या अंतरावर रस्तेशुल्क लागतं, त्यातही जड वाहनांचा दर वजनानुसार चढतो. एप्रिल २०२४ पासून तिथल्या विजेच्या मोटारीही अंतराच्या शुल्कात आल्या. आपल्याकडे ते जसंच्या तसं चालेल असं मी म्हणत नाही. पण हलक्या गाडीला हलका कर, एवढी दिशा तरी त्यातून घेता येईल.

मग लोक जड गाड्या घेतात तरी का? याचं उत्तर गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर मिळतं. चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यावर नवीन काही बोलण्यासारखं उरलेलं नाही. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारी मालगाडीच्या वाघिणींवर चढवून रायगडमधल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत नेण्याची सेवा सुरू केली, एका फेरीत ४० गाड्या. ट्रकांसाठी हीच युक्ती १९९९ पासून चालते. कल्पना हुशार आहे, पण मला तिच्यात एक कबुलीही दिसते. माणसाला गावी न्यायला रेल्वे होतीच. आपण तिच्यावर मोटार चढवली, कारण स्टेशन ते वाडी या शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरांचं कुणाकडेच उत्तर नाही. चाकरमानी मुंबईहून दीड टन ओढत आणतो तो मुख्यतः या टप्प्यासाठी.

आणि हाच टप्पा धोरणातून निसटतो. २०२५ मध्ये राज्याने ई-बाइक टॅक्सीला मान्यता दिली, ती किमान एक लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजारांच्या आसपास होतं, चिपळूण ५५ हजारांच्या. म्हणजे एकटं माणूस, एक पिशवी आणि चढणीचा छोटा प्रवास, जिथे हलकं वाहन सगळ्यात शोभतं, नेमकी तीच जागा यादीबाहेर. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, गावात बायका आणि म्हातारी माणसं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि त्याचा फायदा खरोखर झाला. पण लाल गाडी थांबते सड्यावर. तिथपर्यंतची घाटी तिकिटात येत नाही.

मागच्या शिमग्याला मी पहाटे गाडीतून उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर एकच सहा आसनी रिक्षा उभी होती. गाडी दीड तास उशिरा आलेली. चालक सीटवर आडवा झाला होता. मी हाक मारली तसा उठून बसला नि म्हणाला, "अण्णा, गाडी खंय पोचली ती तुमच्या मोबाइलवर दिसते, माझ्याही दिसते. पण तुम्ही उतरणार किती जण नि जाणार खंय, ता मला कोण सांगणार? म्हणून मी आपला झोपतो." आणखी तिघं त्याच बाजूला जाणारी निघाली. चौघं बसलो, पिशव्या मांडीवर घेतल्या. सड्यावरून खाली उतरताना त्याने इंजिन बंद केलं आणि गाडी नुसती सोडून दिली, मी "ब्रेक तापेल हो" म्हटलं, तर तो हसून म्हणाला, "पेट्रोल वाचतो ना."