चांदीला चुंबक चिकटत नाही, म्हणून ती अस्सल?

‘दागिन्याला चुंबक लावा, चिकटला नाही तर चांदी शुद्ध’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हुपरीचे पैंजण घरोघरी असलेल्या कोल्हापुरात तो पटकन पटतो, कारण शुद्ध चांदीला चुंबक खरंच चिकटत नाही. पण तांबं, पितळ, जस्त, शिसं यांनाही चिकटत नाही. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना लावून बघा. भेसळ बहुधा याच धातूंची असते, मग चुंबकाला ती कळणार कशी?

लोखंड, निकेल, कोबाल्ट यांचा प्रत्येक अणू छोटा चुंबकच असतो आणि असे असंख्य अणू एकाच दिशेला वळतात, म्हणून ओढ जोरदार. चांदी-तांब्यात तसं होत नाही.

उलटही फसगत होते. पैंजणाच्या फाशातली स्प्रिंग पोलादी असेल तर चुंबक तेवढ्याच जागी चिकटतो. त्यावरून अख्खा दागिना खोटा ठरवू नका.

भरीव कडं असेल तर वजनाने अंदाज येतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. कडं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. 105 ग्रॅम शुद्ध चांदी असेल तर काटा सुमारे 10 ग्रॅम दाखवेल, पितळ असेल तर 12 च्या वर. पक्की खात्री हॉलमार्क किंवा सराफाकडच्या तपासणीनेच होते.