लाम्प्रेदींचं ट्विन-कॅम आणि ऑइलचा डबा

इंजिनं आखणारे ऑरेलिओ लाम्प्रेदी १९५५ मध्ये फेरारी सोडून फियाटमध्ये आले. त्यांचं १४३८ सीसीचं ट्विन-कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट असलेलं) इंजिन १९६६ मध्ये फियाट १२४ स्पोर्टमध्ये बसलं. पुढे याच घराण्यातल्या इंजिनांनी फियाट आणि लान्चियाला मिळून रॅलीची दहा जागतिक विजेतेपदं मिळवून दिली. पण आज अशी गाडी सांभाळणाऱ्याला कामाची आहे ती त्यातली एक छोटी पोलादी चकती, म्हणजे शिम.

अल्फा रोमिओच्या ट्विन-कॅममध्ये शिम टॅपेटच्या (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या टोपीच्या) खाली असते, त्यामुळे क्लिअरन्स (कॅमखालची बारीक फट) बदलायचा तर कॅमशाफ्ट उतरवावा लागतो. लाम्प्रेदींनी ती टॅपेटच्या डोक्यावरच खाचेत बसवली. टॅपेट दाबून धरायचा, जुनी शिम उचलायची आणि ०.०५ मिमीच्या टप्प्यांतली योग्य जाडीची सरकवायची. इंजिन थंड असताना क्लिअरन्स इनलेटला ०.४५ मिमी, एक्झॉस्टला इंजिननुसार ०.५० किंवा ०.६० मिमी. फारच देखणी सोय.

मात्र कॅमचं नाक (त्याचा उंचवटा) या चकतीवर थेट घासत फिरतं, मध्ये रोलर नाही. नाकाखाली दाब इतका चढतो की ऑइलचा थर तुटू शकतो. तिथे धातूला वाचवते ती झिंक-फॉस्फरसच्या संयुगाची पातळ, काचेसारखी परत. हे संयुग १९४० च्या दशकापासून ऑइलमध्ये आहे, आणि हे इंजिन आखलं गेलं ते त्याच्या भरवशावर.

मग गाडीचा धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. १९९३ पासून युरोपातल्या नव्या पेट्रोल गाड्यांना त्यांच्यावाचून गत्यंतर उरलं नाही. फॉस्फरस कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून ऑइलमधलं त्याचं प्रमाण उतरत गेलं. २००४ च्या एपीआय एसएम या अमेरिकी ऑइल-दर्जापासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडना कमाल ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. जाड ग्रेडना ती नाही. त्यामुळे ‘सर्वात नवं तेच सर्वात चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही. एसीईए या युरोपीय दर्जातला सी३ चा डबाही टाळावा, त्यात फॉस्फरस ०.०७ ते ०.०९ टक्केच असतो. कन्व्हर्टर नसलेल्या ट्विन-कॅमला एसीईए ए३/बी४ छापलेलं १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-५० घ्यावं. बेअरिंग झिजलेली असतील तर २०डब्ल्यू-५०.

वर्षानुवर्षं स्वस्त ऑइलवर चाललेल्या इंजिनात जास्त डिटर्जंट असलेलं ऑइल एकदम ओतू नये. सुटलेला गाळ संपमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातल्या) जाळीत अडकतो आणि प्रेशर पडतं. पहिली भरणी हजारेक किलोमीटरवर, इंजिन गरम असतानाच, फिल्टरसकट काढून टाकावी. नंतर गाडी कितीही कमी फिरो, वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच.

कॅमशाफ्ट फिरवायला लाम्प्रेदींनी चेनऐवजी रबरी दातेरी बेल्ट लावला, त्याचीही ऑइलशी गाठ आहे. कॅमशाफ्टचं पुढचं सील कडक झालं की ऑइल बेल्टवर उतरतं, रबर फुगतं, दात सुटतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट बदलताना सील आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी कप्पी) त्याच बैठकीत बदलावेत. कमी चाललेल्या गाडीतही पाच वर्षांपुढे बेल्ट ठेवू नये.

डिपस्टिक काढली की पातळीबरोबर वासही बघावा. पातळी आपोआप वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल, तर पेट्रोलच्या मेकॅनिकल पंपाचा डायाफ्राम (आतला पडदा) फाटून पेट्रोल संपमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा इंजिन सुरूच करू नये. आधी पंप, मग नवं ऑइल.