अर्धविराम देऊनही कमांड संपत नाही तेव्हा

डेटाबेसच्या कमांड-लाइन क्लायंटमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून डेटाबेसशी बोलायच्या प्रोग्रॅममध्ये, ओळ टाइप केली, शेवटी अर्धविराम दिला, एंटर दाबलं. पण उत्तर येतच नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये खालच्या ओळीवर नुसतं एक अवतरणचिन्ह आणि बाण उमटतो. म्हणजे क्लायंटच्या मते अवतरण अजून उघडंच आहे. आपण तर ते बंद केलेलं असतं.

क्लायंट आपली ओळ सर्व्हरकडे नुसती ढकलत नाही. कमांड कुठे संपली हे आधी त्यालाच ठरवावं लागतं. समोरचा अर्धविराम मजकुरातला आहे की कमांडच्या शेवटचा, हे कळण्यासाठी तो अवतरणं मोजत पुढे जातो. वाटेत बॅकस्लॅश भेटला, की त्याच्या पुढचं चिन्ह तो साधा मजकूर म्हणून सोडून देतो. संगणक प्रत्येक चिन्ह क्रमांकाने साठवतो; बॅकस्लॅशचा क्रमांक 92.

आता शिफ्ट-जेआयएस ही जपानी अक्षरांची जुनी संकेतपद्धती, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत, घ्या. तिच्यात कांजी अक्षरं दोन बाइटची असतात आणि दुसरा बाइट 92 असायला काहीच आडकाठी नाही. 'दहा' या संख्येचं अक्षर 143 आणि 92 असं साठवलं जातं. मजकूर या अक्षरावर संपला आणि क्लायंटला संकेतपद्धती माहीत नसली, की तो 92 ला बॅकस्लॅश समजतो, पुढचं अवतरणचिन्ह गिळतो आणि वाट पाहत बसतो. चीनमधली जीबीके आणि तैवानची बिग-फाइव्ह यांतही हाच धोका आहे. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस या तिन्ही पद्धती क्लायंटच्या बाजूने स्वीकारतो, पण सर्व्हरवर मजकूर साठवायला त्यांतली एकही चालू देत नाही. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो.

केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये आखलेल्या यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे अनेक बाइटी अक्षराचा प्रत्येक बाइट 128 किंवा त्याहून मोठा असतो. आपला 'क' म्हणजे 224, 164, 149. त्यात 92 येणं शक्यच नाही.

तरीही मायएसक्यूएलमध्ये एक फसवी चूक उरतेच. टर्मिनल यूटीएफ-8 पाठवतंय आणि क्लायंटने सर्व्हरला 'लॅटिन-1' ही एका अक्षराला एकच बाइट देणारी पद्धती सांगितलीय, असं समजा. टेबल यूटीएफ-8 मध्ये असेल, तर सर्व्हर 'क'चे तीन बाइट तीन स्वतंत्र अक्षरं मानतो आणि प्रत्येकाचं पुन्हा रूपांतर करतो. टेबलमध्ये पडतात 7 बाइट. त्याच क्लायंटमधून वाचलं तर उलट रूपांतर होऊन 'क' व्यवस्थित दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. दुसऱ्या, नीट जुळवलेल्या प्रोग्रॅमने तोच डेटा उघडला, की सगळा मजकूर अगम्य चिन्हांचा. शंका असेल तर मायएसक्यूएलचं 'लेंग्थ' फंक्शन लावून बघा. ते अक्षरं नव्हे, बाइट मोजतं. एकट्या 'क'साठी 3 ऐवजी 7 आलं, तर समजा दुहेरी रूपांतर झालंय.

मायएसक्यूएलमध्ये 'सेट नेम्स' हा आदेश संकेतपद्धती फक्त सर्व्हरला कळवतो. क्लायंटची स्वतःची 'चारसेट' कमांड दोन्ही कामं करते: क्लायंटची पद्धती बदलते आणि सर्व्हरलाही कळवते. शिफ्ट-जेआयएससारख्या पद्धतीत काम करताना हीच वापरावी. आणि मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-8 निवडताना 'एमबी-4' हा प्रकार घ्या, कारण जुना 'एमबी-3' तीन बाइटांवर थांबतो आणि इमोजीला चार लागतात.