बोर्निओचं उपाशी जंगल

आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावर जाऊन आलेल्या ओळखीच्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "एवढा खर्च केला, पायाला जळवा लावून घेतल्या, आणि ओरांगउटान दिसला तो लांबून, तोही पाठमोरा!" या तक्रारीमागे एक पक्की समजूत असते. विषुववृत्तावरचं जंगल म्हणजे बारमाही फळांनी लगडलेलं कोठार, तिथे झाडागणिक प्राणी असणारच. प्रत्यक्षात हे हिरवंगार जंगल फळं खाणाऱ्याच्या दृष्टीने बहुतेक काळ ओसाड असतं. ते तसं का, हे कळलं की ओरांगउटान हा वानर सहज का दिसत नाही आणि तो नामशेष व्हायच्या वाटेवर का आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी हाती लागतात.

या जंगलावर राज्य आहे डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांचं. मध्य भारतातला साल याच कुळातला. मलेशियाच्या सबाह राज्यात दानुम खोऱ्यात या कुळातलं एक झाड २०१९ मध्ये चढून, टेप लावून मोजलं, तेव्हा उंची भरली १००.८ मीटर! अशी अवाढव्य झाडं वर्षानुवर्षं एक फूल धरत नाहीत. मग कधीतरी, दोन वर्षांनी किंवा दहा वर्षांनी, डझनावारी जातींची झाडं शेकडो किलोमीटरच्या टापूत एकाच हंगामात फुलतात आणि पंखवाल्या फळांचा सडा पडतो. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, त्यातला हा प्रकार. मात्र कारवी बी धरून मरते, ही झाडं त्यानंतरही शतकभर उभी राहू शकतात. आणि कारवीला तिचं वेळापत्रक असतं, यांना नाही.

असं का? या बिया तेलाने भरलेल्या असतात आणि त्यांना सुप्तावस्था नसते. जमिनीवर पडल्या की काही दिवसांत रुजायचं, नाहीतर कुजायचं. खायला भुंगेरे, खारी, पोपट, दाढीवाली रानडुकरं टपलेलीच. दरवर्षी थोडं थोडं बी टाकलं तर खाणाऱ्यांची प्रजा त्यावर पोसली जाईल आणि एकही बी उरणार नाही. म्हणून आधी त्यांना उपाशी ठेवायचं, त्यांची संख्या आटू द्यायची, आणि मग एका दमात इतकं ओतायचं की खाऊन संपणार नाही. जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९७४ मध्ये हा तर्क मांडला. 'ठेवायचं', 'ओतायचं' ही माझी बोलायची सोय. झाड बेत आखत नाही. एकटंदुकटं फुलणाऱ्या झाडांचं बी फस्त झालं, त्यामुळे सगळ्यांबरोबर फुलणाऱ्यांचीच वंशावळ पुढे गेली.

पण 'आता' हे झाडाला कळतं कसं? इथे ना हिवाळा, ना दिवस फारसा लहानमोठा होत. इशारा येतो तो पॅसिफिक महासागराकडून. एल निनोच्या काळात ढग पूर्वेकडे सरकतात आणि बोर्निओवरचं आभाळ मोकळं होतं. रात्री जमिनीची उष्णता अवकाशात निघून जाते आणि किमान तापमान नेहमीपेक्षा दोनेक अंशांनी उतरतं. सोबत पावसाची ओढ. गारवा आणि कोरडेपणा काही आठवडे एकत्र टिकला की कळ्या धरायला लावणारी जनुकं जागी होतात, असं याच कुळातल्या शोरिया या प्रजातीच्या झाडांवर अलीकडे झालेल्या अभ्यासांतून दिसतं. प्रत्येक एल निनोत असं होतंच असं नाही. झाडाच्या खोडाफांद्यांत पुरेसा साठाही असावा लागतो.

मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे. वर्षानुवर्षं फूलच नसेल तर अचानक उमललेल्या कोट्यवधी फुलांचं परागण करायला कीटक आणायचे कुठून? मलेशियाच्या द्वीपकल्पात शोरियाच्या काही जातींसाठी हे काम करतात फुलकिडे, म्हणजे आपले कांदा-मिरचीवाले शेतकरी ज्यांच्या नावाने बोटं मोडतात ते थ्रिप्स! त्यांची पिढी आठवड्याभरात तयार होते. कळ्यांवर वाढणारी मूठभर प्रजा काही आठवड्यांत अफाट होते. संध्याकाळी उमललेली फुलं सकाळी गळतात, त्यांच्याबरोबर किडेही खाली येतात, आणि दुसऱ्या संध्याकाळी परागकण अंगावर घेऊन वर, ताज्या फुलांकडे जातात. किडे असे वाढले तरी सगळ्या जातींनी एकाच आठवड्यात गर्दी केली तर भागणार नाही. म्हणून जाती पाळीपाळीने फुलतात, एकीचा बहर ओसरताना दुसरीचा सुरू होतो. आणि गंमत म्हणजे आधी फुललेल्या जातींची फळं सावकाश पिकतात, नंतर फुललेल्यांची भरभर. फुलणं मागेपुढे, पण फळं गळणार जवळपास एकदमच. बोर्निओतल्या सारावाकमध्ये मात्र हेच काम मुख्यतः लहान भुंगेरे करताना आढळले आहेत.

यावरून 'झाडं एकमेकांशी बोलतात, मिळून ठरवतात' असे संदेश मोबाइलवर फिरतात. या मेळासाठी बोलण्याची गरज नाही. त्याच गार, कोरड्या रात्री सगळ्यांवरून जातात, तेवढं पुरतं.

अशा बहरात जंगली डुरियन आणि आपल्या कोकमाचा भाऊबंद मँगोस्टीन यांच्यासारखी झाडंही सामील होतात. ओरांगउटानची चंगळ असते ती तेव्हा. संशोधक शेरिल नॉट यांनी कालिमांतानमधल्या, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागातल्या, गुनुंग पालुंगच्या जंगलात याचा हिशेब मांडला. बहरात नराच्या पोटात दिवसाला ८,४०० किलोकॅलरी जात, मादीच्या ७,४००. काही महिन्यांनी हेच आकडे ३,८०० आणि १,८०० वर आले. पहाटे घरट्यातून उठलेला ओरांगउटान मूत्रविसर्जन करतो, ते प्लॅस्टिकवर झेलून त्यात मधुमेही वापरतात तशी कीटोनची पट्टी बुडवायची. टंचाईत पट्टी रंग बदलायची, म्हणजे प्राणी अंगातली चरबी जाळून जगत होते. पानं आणि झाडांच्या आतल्या सालीवर दिवस काढायचे.

अशा जगात पिल्लू लवकर स्वतंत्र होऊच शकत नाही. आईच्या दुधातलं बेरियम पिल्लाच्या दातांत थराथराने साठतं. संग्रहालयातल्या दातांवरून २०१७ मध्ये दिसलं, की दूध पिणं आठ वर्षांच्याही पुढे चालतं आणि मधेच कमी होऊन पुन्हा वाढतं, बहुधा फळांच्या टंचाईत. दोन पिल्लांत सात-आठ वर्षांचं अंतर. आयुष्यात चार-पाच पिल्लं म्हणजे डोक्यावरून पाणी. मारल्या गेलेल्या एका मादीची भरपाई व्हायला किती काळ लागेल, याचा हिशेब करून पाहावा. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओतले एक लाखाहून अधिक ओरांगउटान कमी झाले, असा अंदाज आहे.

जाणाऱ्यांनी मग काय करावं? सबाहमधल्या सांदाकान शहराजवळच्या सेपिलोक केंद्रात अनाथ ओरांगउटान वाढवून जंगलात सोडतात. तिथल्या मचाणावर ठरलेल्या वेळी खाऊ ठेवतात, पण जंगलात फळं असली की फारसं कोणी फिरकत नाही. मचाण रिकामं दिसलं तर पैसे वाया गेले म्हणू नये. सांदाकानहूनच बोटीने सेलिंगान बेटावर जाता येतं. तिथे हिरवी समुद्री कासवं जवळजवळ बारमाही अंडी घालायला येतात, त्यामुळे निराशा सहसा होत नाही. किनाबातांगान नदीवर तर दोन तासांच्या बोटफेरीत लांबनाकी माकडं, हत्ती, नशीब असेल तर ओरांगउटानही दिसतो. पण तिथे प्राणी इतके सहज दिसतात याचं एक कारण असं, की मागे पाम तेलाचे मळे आहेत आणि जंगलाची उरलीय ती काठालगतची पट्टी.

आणि पट्ट्यांत तुकडे झालेल्या जंगलात बहराचं गणित बिघडतं. संशोधक लिसा करन यांनी गुनुंग पालुंगला १९९१ आणि १९९८ चे बहर ताडून पाहिले. पहिल्या बहरात खाऊन उरलेल्या बिया रुजल्या. १९९८ पर्यंत आजूबाजूचं जंगल बरंच तुटलं होतं. तिथली डुकरं आणि इतर खाणारे उरलेल्या रानात लोटले, आणि एवढं बी पडूनही रोपं जवळजवळ उगवलीच नाहीत.