लॅकर की इनॅमल? वास सारखाच उग्र, पण वाळायची रीत पार वेगळी

स्केल मॉडेल कार, म्हणजे खऱ्या गाडीची प्रमाणात छोटी केलेली प्लॅस्टिकची प्रतिकृती, करायला घेतली की पार्ट कापणं, घासणं, चिकटवणं हे हळूहळू हाताला बसतं, पण रंगाच्या बाटल्यांपाशी आलं की भलेभले अडतात. त्यातही पाण्याने धुता येणारा ॲक्रिलिक ओळखता येतो, खरा घोळ होतो तो लॅकर आणि इनॅमलमध्ये. दोघांना उग्र वास, दोघांना थिनर लागतो, वाळल्यावर दोघंही चकचकीत, त्यामुळे लोक सरसकट 'ऑइल पेंट' म्हणून मोकळे होतात आणि मग बॉडी हातची जाते.

फरक लक्षात ठेवायचा तर एकच ठेवा, लॅकर नुसता सुकतो आणि इनॅमल सुकून वर पक्का होतो. बाकी सगळं, म्हणजे कशावर काय मारायचं, किती थांबायचं, पॉलिश कधी करायचं, हे या एका गोष्टीतून आपोआप निघतं.

लॅकरमध्ये राळ सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे झटकन उडणाऱ्या द्रवात, विरघळलेली असते, सॉल्व्हंट उडून गेला की राळ थर होऊन मागे उरते, बस, आत दुसरं काही घडत नाही. शब्दच बघा ना, लॅकर हा शब्द मुळात आपल्या लाखेवरून तिकडे गेलाय, आणि लाखेचं पॉलिश कसं वागतं ते माहितीच असेल, स्पिरिट उडालं की लाकडावर कडक होतं आणि कित्येक वर्षांनी जरी त्यावर स्पिरिट सांडलं तरी तेवढ्या जागी पुन्हा चिकट होतं. मॉडेलवरचा लॅकर अगदी तसाच, वर्षभरापूर्वी मारलेला असला तरी त्याच्या थिनरने तो लगेच पुन्हा विरघळतो.

इनॅमलचं तसं नाही. त्यातला थिनर आधी उडतो, पण मग उरलेली राळ हवेतला ऑक्सिजन घेते आणि तिचे रेणू एकमेकांत गुंतत जातात, जवसाच्या तेलातली पेंटिंग हळूहळू घट्ट होत जातात ना, त्याच जातीची क्रिया. एकदा ती पुरी झाली की मागे फिरता येत नाही. म्हणून लॅकर १०-१५ मिनिटांत बोटाला लागेनासा होतो, इनॅमलला रात्रभर तरी द्यावीच लागते आणि आतून पक्का व्हायला कित्येक दिवस, जाड कोट असेल तर आठवडे. खऱ्या गाड्यांच्या कारखान्यांतही हाच वेळ डोकेदुखी होता, तेलाच्या व्हार्निशचे थर वाळायला आठवडे जायचे, आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलँड गाडीवर ड्यूपाँटचा ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला तेव्हा ते काम तासांवर आलं.

आता यातून होणारं नुकसान सांगतो, कारण ते मी स्वतः भोगलंय. १/२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी, एक बॉडी लाल इनॅमलने रंगवली होती, रंग इतका सुंदर बसला होता की बॉनेटमध्ये खिडकी दिसत होती, चार दिवस ठेवली, हात लावून बघितली तर कडक, म्हणून वर लॅकर क्लिअरचा, म्हणजे रंग नसलेल्या पारदर्शक लॅकरचा, ओला कोट दिला. मिनिटभर काहीच झालं नाही. मग बॉनेटच्या कडेला एक बारीक रेघ उठली, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता अख्ख्या छपरावर सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या सुरकुत्या पसरल्या. झालं असं होतं की इनॅमल वरून पक्का आणि खालून अजून मऊ होता, लॅकरचा थिनर खूप तीव्र असतो, तो त्यात शिरला, थर फुगला, फुगायला जागा नाही म्हणून दुमडला. सगळा रंग काढून पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करायला लागली आणि दरवाज्याच्या हँडलची बारीक कड त्या घासाघाशीत गेली ती गेलीच.

उलट क्रम मात्र चालतो, नुसता चालत नाही तर मॉडेल कारचं निम्मं डिटेलिंग त्यावरच उभं आहे. सुकलेल्या लॅकरवर इनॅमलचा सौम्य थिनर काही करत नाही. म्हणून काय करायचं, बॉडी लॅकरने पुरी करायची, मग दरवाज्याच्या फटीत गडद राखाडी इनॅमल भरपूर पातळ करून ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, रंग केशाकर्षणाने फटीतून आपोआप धावत जातो, हँडलच्या खालून वळतो आणि खिडकीपाशी जाऊन थांबतो. बाहेर सांडलेला डाग थोड्या वेळाने इनॅमल थिनरमध्ये किंचित ओल्या केलेल्या कॉटन बडने पुसायचा, तो निघतो आणि खालचा लाल जसाच्या तसा. हे पहिल्यांदा जमलं की प्लॅस्टिकचा एक तुकडा चार दरवाज्यांची गाडी वाटायला लागतो, मला अजूनही या पायरीला सगळ्यात जास्त मजा येते. फक्त एक जपा, हा पातळ इनॅमल उघड्या प्लॅस्टिकवर, विशेषतः ताण असलेल्या किंवा घट्ट बसवलेल्या पार्टवर ओतू नका, थिनर आत झिरपतो आणि पार्ट तडकतो.

बॉडीसाठी लॅकरच का, तर पातळ थर. हिशोब करून बघा, खऱ्या गाडीत दरवाज्याची फट ४ मिलीमीटर धरली तर १/२४ मध्ये ती ०.१७ मिलीमीटरच्या आसपास येते, किटमध्ये ती जरा मोठी कोरलेली असते हे मान्य, पण तिथे रंगाचा ०.१ मिलीमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिलीमीटरचा लेप. लॅकर सुकताना आकसून खाली बसतो आणि कडा धारदार ठेवतो. शिवाय प्रत्येक नवा कोट खालच्याला थोडा विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे पॉलिश करताना थरांच्या कडा दिसत नाहीत. पण सुकला म्हणून लगेच घासायला घेऊ नका, नाकाजवळ धरा, वास येतोय म्हणजे सॉल्व्हंट अजून आतच आहे.

दमट हवेत लॅकर मारला की कधीकधी पांढुरकी साय धरते. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. घाबरू नका, हळू उडणारा, रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) असलेला थिनर हलकासा फवारा, थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि चकाकी परत येते. इनॅमलला असं दुरुस्त करता येत नाही, तिथे वाट बघा नाहीतर घासा.

मग इनॅमल कुठे वापरायचा? ब्रशने करायच्या कामात. लॅकरवर ब्रशचा दुसरा फटका मारला की पहिला उखडून येतो, इनॅमल सावकाश सुकत असल्यामुळे ब्रशच्या रेघा स्वतःच सपाट होतात. डॅशबोर्डचे डायल, सीटच्या कडा, इंजिनचे पुली आणि नळ्या, सगळं इनॅमलने छान होतं. बॉडीवर इनॅमलचा क्लिअर मात्र मी मारणार नाही, वर्षं गेली की तो पिवळट पडतो आणि पांढऱ्या गाडीवर ते लपत नाही. लॅकर क्लिअरची अडचण वेगळी, पहिलाच कोट ओला दिला तर डिकल, म्हणजे बॉडीवर चिकटवलेलं पातळ चित्र, चुरगळतो, म्हणून आधी दोन-तीन अगदी हलके, धुक्यासारखे कोट.

बाटल्यांवरची नावं गोंधळात भर घालतात. 'ॲक्रिलिक लॅकर' आणि 'ॲक्रिलिक इनॅमल' दोन्ही लिहिलेलं सापडतं, तिथे ॲक्रिलिक हे राळेचं नाव आहे, पाण्याचा रंग असा अर्थ काढू नका. टामिया या जपानी मॉडेल कंपनीचा एक्स-१ काळा ॲक्रिलिकमध्येही आहे आणि इनॅमलमध्येही, नंबर तोच. थिनर एक्स-२० इनॅमलचा आणि एक्स-२०ए ॲक्रिलिकचा, एका अक्षराचा फरक. त्यांचे टीएस स्प्रे कॅन हे किटच्या नेहमीच्या स्टायरीन प्लॅस्टिकसाठीचे लॅकर आहेत, पीएस कॅन आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्यांच्या पारदर्शक पॉलीकार्बोनेट बॉडीसाठी, ते स्टायरीनवर मारायचे नाहीत. मिस्टर कलरच्या बाटल्या लॅकर, हंब्रोलचे ते छोटे पत्र्याचे डबे इनॅमल.

दोन्ही मारताना खिडकी उघडी आणि तोंडावर ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर हवाच, साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, आणि आसपास ज्योत नको.

आणि रंगांची नवीन जोडी बॉडीवर कधीच पहिल्यांदा आजमावू नका. प्लॅस्टिकचे चमचे घ्या, प्रायमर, रंग, क्लिअर ज्या क्रमाने आणि जेवढं थांबून बॉडीवर मारणार आहात तसंच चमच्यावर मारा, दांड्यावर रंगाचं नाव, थिनर आणि तारीख मार्करने लिहा. माझ्याकडे असे ४० च्या वर चमचे एका डब्यात आहेत, त्यातला तो सुरकुतलेला लाल मी नंतर मुद्दाम तसाच्या तसा बनवून ठेवलाय.