पार्श्वभूमी : हजेरीचा हिशेब

इंग्रजी 'अटेंडन्स'चे कोशात मुख्य अर्थ तीन: एखाद्या ठिकाणी असणं, तिथं आलेल्यांची संख्या आणि कुणाच्या तरी सेवेत उभं असणं. तिसरा आता मागे पडलाय, तरी 'अटेंडंट'मध्ये शिल्लक आहे. मराठीत हे सगळं एकाच अरबी धातूनं सांभाळलं. हजर, हजेरी, हुजूर, हुजऱ्या ही एका घरातली मंडळी; हुजुरांपुढे कायम हजर तो हुजऱ्या. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या कचेऱ्यांची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू, त्यामुळे ही शब्दावळ इकडे चांगलीच मुरली. 'उपस्थिती' परिपत्रकात आणि निमंत्रणपत्रिकेत शोभते. गवंड्याच्या हाताखालचा माणूस मात्र 'हाजरी किती?' असं विचारतो, तेव्हा तो मजुरीच विचारत असतो.

खरी मेख इथंच आहे. हजेरीमागे पैसा असतो, म्हणून ती खोटीही लागते.

अलाउद्दीन खिलजीनं 1296 मध्ये देवगिरी लुटली आणि त्या संपत्तीच्या जोरावर दिल्लीचं तख्त मिळवलं. मोठी फौज रोख पगारावर ठेवल्यावर त्याला प्रश्न पडला, की मोजणीला उभा केलेला घोडा आणि स्वार खरे कशावरून? म्हणून घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचा हुलिया, म्हणजे चेहऱ्यामोहऱ्याचं वर्णन, लिहून ठेवायचा. अकबरानं हीच पद्धत पुन्हा आणली, कारण मनसबदार मोजणीपुरते उसने घोडे उभे करत.

1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातली गावंच्या गावं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. त्यातून वाढलेल्या रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 ला लागू झाला. तिथं सत्ता मस्टरची, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटाची. मस्टरवर नाव तर मजुरी. मग न आलेल्यांचीही नावं चढू लागली. 'मस्टर' हा शब्दही मुळात फौजेचा, सैनिक गोळा करून मोजण्याचा.

शाळांनी हजेरीला आमिष लावलं. 1995 च्या पोषण आहार योजनेत आधी शिजवलेलं अन्न नव्हतं. 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो धान्य मिळे. बीडकडं मात्र दिवाळीनंतर ऊसतोडीला बिऱ्हाडं हलतात, आईबापांमागे पोरंही जातात आणि कॅटलॉगमधले, म्हणजे वर्गाच्या हजेरीपटातले, रकाने उन्हाळ्यापर्यंत रिकामे राहतात.

पट आणि हजेरी यांतला फरक नांदेडनं राज्याला दाखवला. पट म्हणजे दाखल झालेली मुलं, हजेरी म्हणजे आलेली. शिक्षकांची पदं आणि अनुदान ठरतं पटावर. नांदेड जिल्ह्यात बोगस पट उघडकीस आल्यावर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी झाली आणि तेच मूल दुसऱ्या शाळेत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली. खिलजीच्या डागाचंच हे सौम्य रूप म्हणायचं.

1 जानेवारी 2023 पासून मनरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीच्या, कामांवर मोबाइल ॲपवरची हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोनदा, ठिकाण आणि वेळेसह मजुरांचा फोटो. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं, की काही ठिकाणी फोटोचाच फोटो काढून चढवला जातोय.