सांबऱ्याची सायकल आणि सॅन फ्रान्सिस्कोचं विमान

आषाढात बेळगावातून सांबऱ्यापर्यंत ज्याने सायकल मारली आहे, त्याला विमानाच्या वेळापत्रकाचं अर्धं गणित आपोआप कळलेलं असतं. जाताना पश्चिमेचं वारं पाठीशी, परतताना तेच छातीवर. अंतर दोन्ही वेळा साधारण १० किलोमीटरच.

शेजारच्या काकूंचा मुलगा लंडनला असतो. "जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. रस्ता वेगळा असतो काय रे?" असं त्यांनी परवा विचारलं. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि ते दोन्हीकडून तेवढंच. पण विमान जमिनीवरून धावत नाही, हवेतून जातं, आणि ती हवाच वाहत असते. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची उष्ण हवा, ध्रुवाकडची थंड हवा आणि पृथ्वीचं फिरणं यांतून तो तयार होतो. हिवाळ्यात त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो.

येताना मिळालं ते जाताना गेलं, म्हणजे फिटंफाट झाली, असं वाटेल. तशी ती होत नाही. वारा नसताना सायकल ताशी १५ किलोमीटरने चालते असं धरा: सांबऱ्याला जाऊन यायला ८० मिनिटं लागतील. वाऱ्यात जाताना २० चा वेग मिळाला तर ३० मिनिटं. येताना १० वर आलो तर ६०. एकूण ९०! कारण सोपं आहे: उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो. विमानालाही हाच हिशेब लागू पडतो, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

म्हणूनच लांबचा रस्ता कधी कधी जवळचा ठरतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. आधीचा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा, नवा १५,३०० चा. तरी वारं पाठीशी असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोहोचलं.

आता पुन्हा आषाढातल्या सांबऱ्याकडे. आपल्या तोंडावर पश्चिमेचं वारं आदळत असतं, तेव्हा डोक्यावर १४-१५ किलोमीटर उंचीवर वारा नेमका उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असतो. हा पूर्वेचा जेट प्रवाह फक्त पावसाळ्यात असतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. परतताना आपण दम खात पायडल मारत असतो, आणि ढगांच्या वर आपल्याच दिशेने वारं सुसाट निघालेलं असतं.